सिक्लिडची टाकी सारखी बिघडते? औषध ओतण्याआधी तळाची रेती तपासा

"भाऊ, रविवारी अर्धं पाणी बदललं, बुधवारी पुन्हा गढूळ." असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, की तळाला काय टाकलंय? जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर या पट्ट्यात गेली बारा वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांच्या टाक्या बघत आलोय. पाणी बदलून झालेलं असतं, निळं औषध ओतून झालेलं असतं, फिल्टर धुऊन झालेला असतो. तळाच्या रेतीकडे मात्र कुणी बघितलेलं नसतं. सिक्लिड, म्हणजे फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, एंजल, डिस्कस ज्या कुळातले ते कूळ, हा उकरणारा मासा आहे. गप्पी किंवा मॉलीच्या टाकीत चुकीची रेती वर्षभर खपून जाते, कारण तिला कुणी हातच लावत नाही. सिक्लिड तीच रेती रोज तोंडात घेतो, उचलतो, टाकतो, ढिगारे करतो. म्हणून तळातला दोष त्याच्या टाकीत महिन्याभरात वर येतो.

उन्हाळ्यात हतनूर किंवा गिरणा धरणाचं पाणी ओसरलं, की काठाच्या चिखलात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात. ते चिलापीने केलेले असतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, हाही सिक्लिडच. आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. नर अंड्यांसाठी तोंडाने माती उपसून तो खड्डा करतो. तुमच्या टाकीतले मासेही त्याच कुळातले आहेत, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

लक्षणं

सगळी एकाच टाकीत दिसत नाहीत. दोन जरी जुळली तरी तळ तपासायला घ्या.

पाणी बदलल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा धुरकट होतं, आणि मासा उकरायला लागला की तिथून राखाडी किंवा तपकिरी ढग उठतो.

मासे दगडाला, रेतीला अंग घासतात, कल्ले भरभर हलवतात, पण अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके नाहीत. ठिपके असतील तर तो व्हाइट स्पॉट नावाचा रोग आहे. त्याचा इलाज वेगळा, आणि तो आधी करा.

जिओफॅगस, पीकॉक यांसारखे रेती चाळणारे मासे घास घेतात आणि लगेच थुंकतात, किंवा त्यांनी उकरणंच सोडलंय. ओठ पांढरट, सोललेले दिसतात.

पुढच्या काचेला लागून रेतीत काळे पट्टे दिसतात. काडी खुपसली की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

रॅम, डिस्कस, एंजल काळवंडून कोपऱ्यात बसलेत आणि पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) महिन्यागणिक चढतोय. किंवा उलटं: आरओच्या जारचं पाणी वापरणाऱ्याकडे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे मासे दोन महिने छान होते आणि अचानक मलूल झाले.

फिल्टरची मोटर खरखर करते, अडकते.

दगड रोज थोडा थोडा कलतोय. हे शेवटचं लक्षण सगळ्यात धोक्याचं. ते दिसत असेल तर बाकीच्या तपासण्या सोडा आणि थेट खाली दगडांच्या भागाकडे जा.

आधी नुसतं बघा

पहिल्या दोन तपासण्यांना पैसा लागत नाही.

दिवा लावा, खाऊ घालू नका, आणि टाकीसमोर दहा मिनिटं हात न लावता बसा. ढग कुठून उठतो ते बघा. मासा उकरतो तिथूनच उठत असेल तर रेतीत धूळ किंवा माती आहे. सगळ्या टाकीत सारखंच दुधाळ असेल, मासे शांत असतानाही, तर कारण दुसरं असू शकतं.

ते ओळखायला काचेचे दोन ग्लास घ्या. एकात टाकीचं पाणी, दुसऱ्यात पाणी बदलायला जे वापरता ते, नळाचं किंवा बोअरचं. रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी टाकीच्या पाण्याच्या ग्लासात तळाला साका बसला आणि वर पाणी नितळ झालं, तर तो रेतीचा गाळ. साका नाही आणि पाणी तसंच दुधी, तर ते जिवाणू आहेत. टाकी नवी असेल, किंवा फिल्टर आणि रेती एकाच दिवशी धुतली असेल, तर असं होतं. तेव्हा रेती बदलून उपयोग नाही. खाऊ निम्मा करा, हवेचा पंप वाढवा, आठ-दहा दिवस धीर धरा. आणि दुसऱ्याच ग्लासात साका बसला असेल तर दोष टाकीचा नाहीच. पावसाळ्यात आपल्याकडे नळालाच गढूळ पाणी येतं. ते बादलीत एक दिवस निवळू द्या. पिण्याच्या पाण्यात फिरवतो तशी तुरटी मात्र माशांच्या पाण्यात फिरवू नका. तुरटी पाण्यातला कार्बोनेट खाते, पीएच खाली ओढते, आणि त्याचा झटका माशाला बसतो.

ही तपासणी आधी, कारण इथेच लोक चुकीच्या वाटेला लागतात. गाळ असताना औषध ओततात. मिथिलीन ब्लू, म्हणजे तेच निळं औषध, फिल्टरमधले कामाचे जिवाणू मारतं, मग विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया चढतो, आणि जी टाकी नुसती अस्वच्छ दिसत होती ती खरोखर आजारी पडते.

रेती हातात घ्या

चमचाभर रेती काढा, धुवा, पांढऱ्या बशीत पसरा आणि बाजूला शाळेची पट्टी ठेवा. रेती चाळणाऱ्या माशांना दाणा साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा हवा, म्हणजे बारीक रव्यापासून जाड रव्यापर्यंत. तीन-पाच मिलिमीटरचे खडे असतील तर दोन खड्यांच्या मधल्या फटीत खाऊ आणि विष्ठा घुसते, सायफनच्या, म्हणजे घाण ओढून काढायच्या नळीच्याही हाती लागत नाही, आणि खाली सडते. उलट मैद्यासारखी पूड असेल तर ती थापली जाते आणि तिच्यातून पाणी फिरत नाही.

आता ओली रेती अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घेऊन हलकेच चोळा. नदीची रेती गोलसर लागते, बोटांत फिरते. टोचली, ओरखडली, तर ती माशाच्या तोंडालाही टोचणार.

हे मला चाळीसगावच्या एका ताईंच्या टाकीवर पक्कं कळलं. चार फुटी टाकी, सहा जिओफॅगस, पाणी आरशासारखं. तक्रार एवढीच की मासे खात नाहीत. जिओफॅगस या नावाचा अर्थच माती खाणारा. तो तोंडभर रेती उचलतो, तोंडातल्या तोंडात घोळवतो, खाण्याजोगं ठेवतो आणि उरलेली रेती कल्ल्यांतून बाहेर सोडतो, दोन्ही बाजूंनी धार लागल्यासारखी. ताईंचा सगळ्यात मोठा मासा खाली जायचा, तोंड टेकवायचा, आणि चटका बसल्यासारखा मागे सरायचा. कडेच्या दिव्यात त्याच्या खालच्या ओठावर तांदळाच्या कणीएवढी पांढरी जखम दिसली. तळाला होती क्रश सँड, घराच्या बांधकामातून उरलेली. खडी केंद्रावर काळा दगड फोडून केलेली ही रेती स्लॅबला उत्तम, कारण तिच्या कडा एकमेकींत अडकतात. त्याच कडा माशाचे ओठ आणि कल्ले सोलतात. रेती बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच माशाच्या कल्ल्यांतून पुन्हा धार सुटलेली मी पाहिली. ताईंनी व्हिडिओ करून पाठवला होता, मागे त्यांच्या मुलाचा ओरडा ऐकू येत होता. मला फार समाधान वाटलं.

म्हणून क्रश सँड कितीही धुतलेली असो, सिक्लिडला घालू नका. दुकानातले रंगीत खडेही माझ्या यादीत नाहीत. स्वस्तातल्या खड्यांचा रंग सुटतो, आणि फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर असेल तर गिळायच्या मापाचा खडा तो गिळूही शकतो.

पट्टी आणि काडी

पट्टी काचेला लावून रेतीची जाडी मोजा, चारही बाजूंनी. अडीच ते पाच सेंटिमीटर ठीक. त्याहून जाड थरात खालपर्यंत प्राणवायू पोचत नाही. तिथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू करतात. काळा पट्टा आणि अंड्याचा वास त्याचाच. मासे एरवी वरवर उकरतात आणि एके दिवशी जोडी जमली की खोल खड्डा करायला घेतात. तेव्हा तो वायू एकदम सुटतो. संध्याकाळी ठीक असलेल्या टाकीत सकाळी मासे उलटे पडलेले दिसतात, त्यामागे कधी कधी हे असतं.

मेमध्ये हे प्रकरण जास्त बिकट होतं. भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो, घरातल्या टाकीचं पाणी 31-32 ला पोचतं. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो. 25 अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, तर 30 अंशाला साडेसात. त्यातच वीज गेली की पंप बंद. थर जाड असेल तर उन्हाळ्याआधीच कमी करा.

काळा डाग छोटा, तळहाताएवढा असेल तर घाबरू नका. मासे दुसऱ्या बाजूला हाकला, सायफनचं तोंड डागावर दाबून ती रेती पाण्यासकट बाहेर ओढा. काडीने टाकीतच ढवळू नका, कारण तो वायू माशांच्याच पाण्यात मिसळतो. डाग अर्ध्या टाकीभर पसरला असेल तर आधी मासे बाहेर, मग रेती.

एक गोष्ट इथेच सांगतो. अंडरग्रॅव्हल प्लेट, म्हणजे तळाखाली बसवायची फिल्टरची फटींची प्लेट, आणि बारीक रेती यांचं जमत नाही. रेती प्लेटच्या फटी बुजवते. वर खडे टाकले तर सिक्लिड उकरत उकरत प्लेट उघडी पाडतो, मग पाणी त्या उघड्या जागेतूनच खाली जातं आणि बाकीचा तळ सडत बसतो. प्लेट काढा, स्पंज किंवा बाहेरचा फिल्टर लावा.

चुंबक फिरवा

ही तपासणी दुसरीकडे फारशी कुणी सांगणार नाही, पण आपल्या भागात हवीच. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांची रेती मुख्यतः काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून झिजून आलेली असते, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं खनिज. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या रेतीतून फिरवा. पिशवीवर काळी लव उभी राहते.

त्या दाण्यांनी माशाला काही होत नाही. मोटरला मात्र होतं. फिल्टरच्या मोटरचा रोटर स्वतःच चुंबक असतो. हे दाणे त्यावर चिकटतात आणि खरखर सुरू होते. काच पुसायच्या चुंबकी ब्रशमध्ये शिरले तर काचेवर असे ओरखडे पडतात की ते पुन्हा निघत नाहीत. म्हणून रेती टाकण्याआधी चुंबक पाच-सहा वेळा फिरवा, ब्रश तळापासून चार बोटं वर थांबवा, आणि फिल्टरचं तोंड रेतीपासून किमान तीन इंच वर ठेवून त्यावर स्पंज चढवा.

व्हिनेगर

वीस-तीस रुपयांची पांढऱ्या व्हिनेगरची बाटली आणा. रेती पूर्ण वाळवा. ओल्या रेतीत अडकलेली हवाही बुडबुडे काढते आणि फसवते. स्टीलच्या वाटीत दोन चमचे रेती घ्या, ती बुडेल इतकं व्हिनेगर ओता, वाटी कानाजवळ धरा. चुना असेल तर बारीक चर्र ऐकू येतं, आणि काही दाण्यांवर बुडबुड्यांची माळ चिकटून राहते.

काळ्या पाषाणाचा दाणा व्हिनेगरला दाद देत नाही. फसफसते ती चुनखडी. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे गोटे असतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ज्या तुकड्यात ते जास्त, तिथे पिकाची पानं पिवळी पडतात. तेच गोटे ओढ्या-नाल्यांनी नदीत येतात आणि रेतीत मिसळतात. दिसण्यावर मात्र जाऊ नका. पांढरा दाणा म्हणजे चुनाच असं नाही. जळगावच्या खाणींतलं स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट जगभरचे खनिजप्रेमी जपून ठेवतात. तीही पांढरी असतात, पण फसफसत नाहीत. गारगोटीही नाही. रंग बघून रेती नाकारू नका आणि रंग बघून घेऊही नका, वाटीत टाकून बघा.

हौसेने गुळगुळीत पांढरे खडे आणले असतील तर तेही फोडून, चुरा करून वाटीत टाका. बरेचसे संगमरवराचे निघतात, आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोकणातून पिशवीत भरून आणलेली समुद्राची वाळूही तशीच, शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली. बाथरूमचं ॲसिड या कामाला वापरू नका. फसफस जोरात दिसते खरी, पण त्याची वाफ छातीत जाते.

फसफसली म्हणजे रेती वाईट, असा निकाल मात्र लगेच देऊ नका. ते मासा कोणता आणि पाणी कोणतं यावर ठरतं.

दोन बरण्या आणि पाण्याचं माप

एका प्लास्टिकच्या बरणीत तिसरा हिस्सा रेती आणि वर पाणी, दुसरीत नुसतं तेच पाणी. झाकणं सैल ठेवा, सात दिवस थांबा, मग दोन्हींचा पीएच आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात फरक कमी दिसतो, म्हणून एक जोडी आरओच्या पाण्याचीही करा. तिच्यात चुना लपत नाही. टीडीएस मीटर आणि पीएचची थेंबांची किट ही दोन्ही घरात असावीतच. कार्बोनेट कडकपणा, म्हणजे केएच, मोजणारी किट मिळाली तर फारच चांगलं.

बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या मोजू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो पीएच कमी दाखवतो. बादली उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी मोजा. माझ्या घरच्या बोअरचं पाणी ताजं असताना 7.2 दाखवतं, दुसऱ्या दिवशी 7.9. टीडीएस 850 च्या घरात.

आणि इथेच मला कळकळीने सांगायचंय. बाहेरच्या देशातले व्हिडिओ सांगतात की आफ्रिकन सिक्लिडला कोरल सँड, म्हणजे पोवळ्यांच्या चुऱ्याची वाळू, हवीच. ते त्यांच्या मऊ पाण्यासाठी खरं आहे. मलावी सरोवराचा पीएच साधारण 7.7 ते 8.6. आपल्यापैकी अनेकांच्या बोअरचं पाणी टाकीत एक दिवस राहिलं की आपोआप तिथे पोचतं. ज्याच्याकडे असं पाणी आहे त्याने महागडी कोरल सँड मागवायची काही गरज नाही. मलावीच्या माशांना तापीची धुतलेली, गोल दाण्याची रेती उत्तम, त्यात थोडी चुनखडी असली तरी हरकत नाही. गडद तळावर त्यांचे रंगही पांढऱ्या तळापेक्षा जास्त खुलतात.

आरओच्या जारचं पाणी वापरणाऱ्याचं गणित उलटं. त्या पाण्यात कार्बोनेट जवळपास नसतं. माशांच्या विष्ठेतून, खाऊतून रोज आम्ल तयार होतं, त्याला अडवायला काही नसलं की पीएच एके दिवशी घसरतो. तिथे कोरल सँड किंवा संगमरवराचा चुरा हा खरा इलाज आहे, नाहीतर सरळ जार बंद करून बोअरचं मुरवलेलं पाणी द्यावं.

रॅम, डिस्कस, अपिस्टोग्रामा हे दक्षिण अमेरिकेच्या मऊ पाण्यातले. त्यांच्या टाकीत फसफसणारा एकही खडा नको. पाचोऱ्याच्या एका कॉलेजच्या मुलाने खाऊचे पैसे साठवून रॅमची जोडी आणली, महागाचं आरओ पाणी भरलं, आणि शोभेसाठी तळाला पांढरे संगमरवरी खडे टाकले. पाणी महिन्याभरात कडक झालं. तो दर आठवड्याला नवं आरओ ओतत होता आणि खालचे खडे ते पुन्हा कडक करत होते. जोडी गेली. त्याने काळजी घेण्यात काही कसूर केली नव्हती, एवढी एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. हा लेख लिहायला बसलो तो बराचसा त्या मुलामुळे.

चढलेला पीएच आणखी एका कारणाने जपायला हवा. टाकीतला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच जास्त विषारी. 30 अंशाच्या पाण्यात पीएच 7 असताना विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो, 8.2 असताना तो अकरा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तेवढीच घाण कडक, गरम पाण्यात दसपटीहून जास्त जाचते. खाऊ हात राखून घाला आणि तळ दर आठवड्याला वरवर सायफन करा.

कुणाला काय घालावं

मलावीच्या म्बुनाला, म्हणजे तिथल्या दगडांत राहणाऱ्या सिक्लिडला, तीन-चार सेंटिमीटर रेती आणि भरपूर दगड. पीकॉकला दगड कमी, रेती जास्त, आणि ती बारीकच. मलावी सरोवरात हा मासा रेतीच्या अगदी वर थबकून राहतो आणि जबड्यावरच्या संवेदनशील खळग्यांनी खालच्या किड्याची हालचाल टिपतो. खड्यांवर त्याला ते करताच येत नाही. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराचे शंखात राहणारे इवले सिक्लिड असतील तर पाच ते आठ सेंटिमीटर द्या, ते शंखाभोवती सतत उकरतात, त्यामुळे थर मोकळा राहतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नला मी तळाला काहीच घालत नाही. काचेखाली बाहेरून काळा कागद लावतो. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकरातून केलेला मासा, त्याचं मूळ घर असं नाहीच. मोकळ्या तळावर त्याची विष्ठा दिसते आणि लगेच काढता येते.

रेती किती लागेल, याचा हिशेब असा: लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, 1.6 ने गुणा. किलो मिळतात. 120 बाय 45 च्या टाकीत चार सेंटिमीटरला 35 किलो. रेती नदीतून स्वतः उपसू नका. परवानगीशिवाय उपसा बेकायदा आहे. रेती विकणाऱ्याकडून एक पोतं घ्या. पाण्याच्या फिल्टर प्लांटला लागणारी बारीक सिलिका सँडही चालते, ती फसफसत नाही.

दगड कशावर उभे आहेत?

या तपासणीला दगड हलवावे लागतात, म्हणून ती इतकी उशिरा, पण लक्षण दिसलं तर सगळ्यात आधी. रेती टाकून वर दगड रचले असतील तर मासे खालून रेती उपसतात आणि दगड बसतो, कलतो, पडतो.

माझी स्वतःची पावणेदोनशे लिटरची टाकी अशीच गेली. रात्री दोन वाजता ठप्प असा आवाज, मग पाण्याचा. म्बुनांनी सहा किलोच्या दगडाखाली बोगदा केला होता. पुढची काच खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडकली. आईने आणि मी पिंपात आणि परातीत मासे वेचले, चौदातले अकरा वाचले.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. रिकाम्या टाकीत आधी तळाच्या काचेवर पीव्हीसीची किंवा फोमची पातळ शीट, तिच्यावर दगड घट्ट बसवून, हाताने हलवून बघून, आणि सगळ्यात शेवटी भोवती रेती. मग त्यांनी हवं तेवढं उकरावं.

रेती बदलायचीच असेल तर

हे शेवटचं आणि सगळ्यात कष्टाचं. सुट्टीचा दिवस ठेवा.

नवी रेती आधी रव्याच्या चाळणीने चाळा, मग बादलीत थोडी थोडी घेऊन धुवा. पाइपचं तोंड रेतीत खुपसा, हाताने घुसळा, गढूळ पाणी ओता. दहा-पंधरा पाणी तरी लागतात. घाई इथेच नडते. दोन पाणी कमी धुतली की पुढे महिनाभर ढग. साबण, निरमा अजिबात नको. धुतलेली रेती दोन दिवस कडक उन्हात वाळवा. ते धुणाचं पाणी झाडांना घाला.

टाकीत काळे डाग नसतील तर जुनी रेती एकदम काढू नका. एक तृतीयांश या रविवारी, एक पुढच्या, एक त्याच्या पुढच्या. अमोनिया पचवणारे जिवाणू रेतीच्या दाण्यांवरही राहतात, सगळे एकदम घालवले तर टाकी नव्याने बसवल्यासारखी होते. त्या तीन आठवड्यांत फिल्टर धुऊ नका. पाऊण इंची पाइपने सायफन केलं की रेती पाण्याबरोबर आपोआप बाहेर येते. नवी रेती मगमध्ये भरा, तो तळाशी नेऊन हळूच उलटा करा, वरून ओतू नका. भरायचं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच गरम असू द्या, आणि नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाकून घालवा.

कुठे थांबायचं

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर टाकीला कुणालाही हात लावू देऊ नका.

काचेला तडा गेला, सिलिकॉनमधून पाणी झिरपायला लागलं किंवा स्टँड कलला, तर पाणी निम्म्याच्या खाली आणा आणि टाकी बनवणाऱ्या कारागिराला बोलवा. भरल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन थापून काम होत नाही.

रेती बदलली, बरणीची तपासणी नीट आली, आणि तरीही रोज मासा मरतोय किंवा अंगावर जखमा, सूज, पांढरे धागे दिसताहेत, तर आता तो आजार आहे. अंदाजाने तिसरं औषध ओतू नका. माशांचा अनुभव असलेला पशुवैद्यक शोधा. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगाव इथे मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत, तिथल्या लोकांना विचारता येतं.

बोअरच्या पाण्याचे आकडे दर वेळी वेगळेच येत असतील, किंवा टीडीएस अचानक चढला असेल, तर पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. घरातली माणसंही तेच पाणी पीत असतील तर ही तपासणी लांबवू नका.

कुणाकडेही जाताना एक कागद बरोबर न्या: टाकीचं माप, मासे कोणते आणि किती, रेती कुठून आणली, थर किती जाड, व्हिनेगर फसफसलं की नाही, मागच्या आठ दिवसांचा पीएच आणि तापमान, आणि आतापर्यंत कोणती औषधं किती ओतली. आणि वाटीभर तीच रेती, कोरडी, पुडीत बांधून.